उन्हात बंद पडणारी पेटी

ब्राह्मणपुरीतल्या हेमकांत मास्तरांच्या गच्चीवरची पेटी उन्हाच्या दिवशी सकाळीच बंद पडे आणि ऊन उतरले की आपोआप सुरू होई. आभाळ भरून आलेले असले, तर ती दिवसभर चाले.

पेटी त्यांच्या लेकीची, स्वप्नालीची. आकाशातून अखंड कोसळणारे म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण ती मोजत असे. तांब्याची तार तिला चालत नसे. शेजारचा पंप सुरू झाला, की तारेत खोटे ठोके उमटत. म्हणून खालच्या खोलीतल्या लेझरचा उजेड काचेच्या तंतूतून वर जाई, पेटीत त्याची वीज होई आणि दुसऱ्या तंतूतून मोजणी खाली येई. उद्या स्वप्नालीचे मार्गदर्शक येणार होते. पेटी उन्हाचा एक अख्खा दिवस चालली नाही, तर प्रयोग दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार होता.

शेजारच्या पितांबरचे निदान तयार होते. "मास्तर, तुमनं मशीन मन्हा बैलपेक्षा नाजूक शे. ऊन पडनं का बसी जास."

मास्तर उन्हाला दोषी मानायला तयार होते, पण पुराव्याशिवाय नाही. त्यांनी पेटीवर ओले गोणपाट टाकले, छत्री बांधली. पेटी गार झाली, तरी बंदच राहिली. मग ते खाली आकड्यांसमोर बसले आणि स्वप्नाली वर गेली. लेक उन्हात उभी पाहून गच्चीवरच खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत असलेल्या तिच्या आईने, रुपाने, तिला छत्रीखाली जागा करून देण्यासाठी ती खाट जरा सरकवली. खाली मोजणी सुरू झाली. रुपाने खाट पुन्हा जागेवर नेली, मोजणी थांबली.

लेझर बंद करून मास्तर धापा टाकत वर आले. खाटेच्या पायाखाली तंतू होता.

"तुम्हीनच तं सांगेल व्हतं, हाई वायरमा करंट नही, नुसता उजेड शे," रुपा म्हणाली. "वारामा उडी ऱ्हायंती, म्हनीसन मी तिन्हावर खाटना पाय ठेवा. उजेड काय खाटखाल दबाई जास?"

"जास," मास्तर म्हणाले, आणि हसता हसता कठड्यावरच बसले. स्वप्नालीने आईला तिच्या पिठाच्या हातांसकट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी रखरखीत ऊन पडले. पेटी दिवेलागणीपर्यंत चालली. मार्गदर्शकांनी बिघाडाचे कारण विचारले, तेव्हा स्वप्नालीने ते सरळ सांगितले: दाबामुळे तंतू वाकत होता, वाकल्या जागी उजेड बाहेर सांडत होता आणि पेटीला पुरेशी वीज मिळत नव्हती. उन्हाचा संबंध एवढाच, की बिबडे उन्हात वाळत घालतात.