एक हसरा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझं आयुष्य जयपूरच्या विद्याधर नगरात, हरिभाऊंच्या हातात गेलं. हरिभाऊ मूळचे अमरावतीचे. नोकरीची सारी वर्षं त्यांनी इथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलाने मला त्यांच्या हाती सोपवलं, आणि त्यांच्या जुन्या वेडाला, बॉक्सिंगला, सोबती मिळाले.

बॉक्सिंगप्रेमींच्या एका ग्रुपवर ते रोज सकाळी चहा पिता पिता वाद घालत. जयपूरचा बॉक्सर प्रकाश त्यांचा लाडका. जयपूरजवळच्या कानोता गावचे शाळामास्तर दशरथजी मात्र हरियाणाच्या अरुणची बाजू घेत. दोघे कधी भेटले नव्हते, पण कितीही जुंपली तरी एकमेकांना 'सर' म्हटल्याशिवाय लिहीत नसत. वाद रंगला की हरिभाऊ तो पत्नीला, चित्राबाईंना, वाचून दाखवत. तेव्हा मला माझा अभिमान वाटे.

मग प्रकाश आणि अरुण समोरासमोर आले. लढत अटीतटीची झाली. पंचांनी अरुणला विजयी ठरवलं आणि ग्रुपवर पंचांना शिव्या सुरू झाल्या. हरिभाऊंनी लढत पुन्हा नीट पाहिली. प्रकाश आपला खरा, पण शेवटच्या फेरीत त्याचे हात खाली आले होते, अरुण न्यायाने जिंकला, असं त्यांनी लिहिलं.

तेवढं पुरलं. कालपर्यंत त्यांच्या बाजूने बोलणारेच उलटले. कुणी त्यांना विकला गेलेला म्हणालं, कुणी बाहेरचा. महाराष्ट्रात परत जा, असं लिहिणाऱ्या पोराच्या जन्माआधीपासून हरिभाऊ जयपुरात राहत होते. शेवटी एकाने त्यांचा प्रोफाइलवरचा जोडीचा फोटो उचलला, चित्राबाईंचा चेहरा विद्रूप केला आणि खाली घाण लिहून ग्रुपवर टाकला.

चित्राबाई नातवाचा फोटो शोधायला मला हातात घेऊन बसल्या होत्या. तो विद्रूप केलेला फोटो त्यांनीच आधी पाहिला.

"ही माणसं तुम्हाला ओळखतात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि मला?"

हरिभाऊंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. निदान दशरथजी तरी काही बोलले असतील, म्हणून ते खाली खाली पाहत गेले. दशरथजींनी त्या फोटोखाली एक हसरा चेहरा टाकला होता.

त्याच संध्याकाळी प्रकाश आणि अरुणचा एकत्र जेवतानाचा फोटो आला. दोघांचेही डोळे सुजलेले, आणि दोघे खुशीत. हरिभाऊंनी तो बराच वेळ पाहिला आणि ग्रुप सोडला.

पुढे एक दिवस दशरथजी पत्ता काढून घरी आले. तेव्हा आपण हसलो नाही तर ग्रुपवाले आपल्यावरही तुटून पडतील असं त्यांना वाटलं होतं.

"सर, मैं डर गया था," ते मान खाली घालून म्हणाले.

हरिभाऊंनी त्यांना चहा दिला, यंदा कानोत्याच्या धरणात पाणी किती आहे ते विचारलं आणि फाटकापर्यंत सोडून आले. बॉक्सिंगचा विषय निघाला नाही. कोण आलं होतं, असं चित्राबाईंनी आतून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कुणी नाही."

आता मी फक्त मुलाचे फोन घेण्यापुरता उरलो आहे. मित्रांनो, आवडत्या खेळाडूसाठी जरूर भांडा. पण ज्याला तुम्ही हसता, तो कुठल्यातरी घरात बसलेला असतो, आणि त्याच्या शेजारी बसून आणखी कुणीतरी वाचत असतं. माझी काच पुसली की स्वच्छ होते. चित्राबाई मात्र अजूनही, कुणी फोटो काढायला मला उचललं, की उठून आत निघून जातात.