शेजारचा शब्द

मी एक खेळ बोलतोय. पत्त्यांचा खेळ, पण माझ्यात राजा नाही, राणी नाही आणि गुलाम तर नाहीच नाही. माझ्यात सुपरहिरो आहेत. अदृश्य काकू, चुंबकबाई, वादळराव, काचमानव, लवचीक मामा, आणि एका हाताने भरधाव आगगाडी अडवणारा थांबवीर. नावं ऐकून हसलात ना? हसा. त्यासाठीच माझा जन्म झाला.

मला खेळायची रीत सोपी. सगळे पत्ते चित्रं वर करून मधोमध मांडायचे. एकाने मनात एक सुपरहिरो धरायचा आणि आपल्या जोडीदाराला फक्त एक शब्द द्यायचा. जोडीदाराने त्या शब्दावरून पत्ता उचलायचा. अट एवढीच, की हिरोचं नाव घ्यायचं नाही, त्याची शक्तीही सांगायची नाही. त्याच्या शेजारी राहणारा कुठला तरी शब्द शोधायचा. नाव घेतलं की बाद.

दोन मैत्रिणींनी मला जेवणाच्या टेबलावर बसून घडवलं. एक चित्रं काढायची, दुसरी शाळेत भाषा शिकवायची. लवचीक मामांना मिशी असावी की नसावी यावरून दोघींचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी मिशी आली, पण तीही लवचीक. मग छापखान्यात माझे कोपरे गोल कापले गेले, खोक्यावर चकचकीत कागद चढला आणि मी दुकानाच्या फळीवर जाऊन बसलो.

तिथून मला एका मुलीने उचललं. ती इमारतींचे आराखडे काढायची. वाढदिवसाला मित्रमंडळी जमणार होती म्हणून तिने मला घरी आणलं.

त्या घरात पहिल्याच दिवशी माझी गाठ मास्तरांशी पडली. मास्तर म्हणजे तिचे बाबा. लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. सकाळपासून अंधार पडेपर्यंत 'क्लच सोडा, हळू, हळू, अहो हळू म्हटलं की' हे त्यांचं चालूच. बोलून बोलून त्यांच्या जिभेला चाकं फुटली होती. मात्र माझ्यासारख्या खेळात ते अगदीच कच्चे. एका शब्दात काही सांगायचं म्हणजे त्यांना शिक्षाच.

"म्हणजे बघ हं, समजा आपण घाटात आहोत आणि समोरून ट्रक येतोय..." ते सुरू करत.

"बाबा, एक शब्द!" लेक ओरडे.

"अगं, पण ट्रक सांगितल्याशिवाय कळणार कसं तुला?"

मित्रमैत्रिणी हसून लोळत. मास्तर हरले आणि सगळ्यात जास्त खूश तेच होते.

पण खेळांचं नशीब तुम्हाला ठाऊकच आहे. वाढदिवस संपला, पाहुणे पांगले आणि मी कपाटावर गेलो. मधूनमधून कुणी मला खाली काढे, पण खेळायला नव्हे. एकदा लॅपटॉप उंच करायला माझा पाट झाला. एकदा डुगडुगत्या खुर्चीखाली गेलो आणि माझा एक कोपरा कायमचा चेपला. मग पुन्हा कपाटावर. धूळ खात पडणं म्हणजे काय ते मी अनुभवून सांगतो: चव काही खास नाही.

अशातच एक दिवस मास्तर आजारी पडले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली म्हणाले. इस्पितळातून परत आले तेव्हा त्यांचा पलंग मी होतो त्याच खोलीत, खिडकीपाशी हलवला. हात सुधारला, पाय सुधारला, काठी घेऊन चालायलाही लागले. शब्द मात्र माघारी आले नाहीत. म्हणजे, आले ते भलतेच.

तहान लागली की ते म्हणत, "बर्फ." पंखा हवा असला की म्हणत, "खिडकी." बायको खिडकी उघडे. मास्तर मान हलवत आणि आणखी जोरात म्हणत, "खिडकी!" ती बंद करे. मग ते वैतागून भिंतीकडे तोंड करून झोपत. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, धीर धरा, वेळ लागेल. पण रोज नवा धीर आणायचा कुठून?

मास्तरांची बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांच्या हाडांची छायाचित्रं बघून घरी येई आणि नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे दाखवणारं यंत्र मात्र तिच्याकडे नव्हतं. भेटायला येणारी माणसं मास्तर बहिरे असल्यासारखी मोठ्याने बोलत. काही तर मास्तरांच्या समोर बसून बायकोला विचारत, "जेवतात का हो नीट?" हळूहळू घरातही तेच सुरू झालं. त्यात दुष्टपणा नव्हता, निव्वळ थकवा होता.

"आई, असं किती दिवस चालणार?" एकदा लेक म्हणाली. "दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे. लोक चांगले आहेत तिथले. शिकवणीच्या गाड्याही काढून टाकू."

"बघू या," आई म्हणाली. "त्यांना आता कुठे काय कळतंय. इथे काय आणि तिथे काय."

हे बोलणं मास्तरांच्या उशापाशी झालं. मी कपाटावरून त्यांचा चेहरा बघत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

त्यानंतर एक नवीनच गोष्ट सुरू झाली. बायको कामावर जायला निघाली, तिने गाडीची किल्ली उचलली, की मास्तर अस्वस्थ होत. "उतार," ते म्हणत. "उतार, उतार!" तिला वाटे, पलंगावरून उतरायचंय. ती हात देऊन त्यांना उतरवी. मग ते उशीवर मूठ आपटत. "अहो, मला उशीर होतोय," म्हणून ती डोळे पुसत निघून जाई. खालून गाडी सुरू झाल्याचा, मग फाटकाशी ती करकरत थांबल्याचा आवाज येई आणि मास्तर खिडकीचे गज घट्ट धरून कान देऊन उभे राहत.

मग एका रविवारी आत्या आली. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेलं, त्यामुळे तलावाच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय. ती घरात बोलली तरी कपबशा थरथरत. आली, भावाकडे बघितलं, मग घरातल्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बघितलं.

"हे काय स्मशान करून ठेवलंय घराचं?" ती म्हणाली. "त्या कपाटावर काय आहे? खेळ ना? काढ खाली."

"आत्या, बाबांना नाही जमणार," लेक म्हणाली. "उगाच वाईट वाटेल त्यांना."

"त्याला आधी तरी कुठे जमत होतं? मी आणि तो एक जोडी. लहानपणी आईला कळू नये म्हणून आम्ही तोंड न उघडता भांडायचो. तुम्ही मायलेकी दुसरी जोडी. चला, बसा."

माझ्यावरची धूळ पुसली गेली. काही पत्ते लेकीने हातात ठेवले, बाकीचे पलंगावरच्या चादरीवर मांडले गेले. मास्तर उशीला टेकून बसले. मास्तरांच्या मनात कोण आहे हे नंतर पडताळता यावं म्हणून लेकीने त्यांना हातातला एक पत्ता चोरून दाखवला. आत्याने त्यावरून ओळखायचं होतं.

मास्तर बराच वेळ पत्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोजा."

लेकीने खाली मान घातली. आत्याही गोंधळली. पण मास्तरांची बायको, दुसऱ्या जोडीतली, एकदम खळखळून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली असेल.

"अहो ताई, मोजा! यांचा एक मोजा नेहमी गायब असतो. लग्न झाल्यापासून मी तो शोधतेय. अदृश्य काकू आहे ती!"

लेकीने पत्ता उलटला. अदृश्य काकूच होती.

"लागलं असेल सहज," लेक म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. तिने दुसरा पत्ता दाखवला. मास्तर म्हणाले, "फ्रीज." आत्याने चुंबकबाई ओळखली, कारण त्या घरातल्या फ्रीजच्या दारावर रंगीत चुंबकांची नुसती जत्रा होती. बरोबर! तिसऱ्या पत्त्याला त्यांना विचारही करावा लागला नाही. त्यांनी सरळ बहिणीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ताई."

तो वादळराव होता. आत्याने भावाच्या पाठीत धपाटा घातला. "आजारी आहेस म्हणून सोडते!"

सगळे हसत असताना लेक मात्र हातातला पत्ता विसरून बसली होती. "आई," ती हळूच म्हणाली, "पंखा हवा असला की बाबा खिडकी म्हणतात. पाणी हवं असलं की बर्फ. ते चुकीचं नाही गं बोलत. त्यांना नाव सापडत नाही, म्हणून ते शेजारचा शब्द देतात. आपण कधी ओळखायलाच बसलो नाही."

आईची संध्याकाळची पाळी होती. डोळ्यांतलं पाणी लपवायला की काय, ती उठली आणि तिने खुंटीवरची किल्ली काढली.

"उतार!" मास्तर म्हणाले.

"थांब आई." लेकीने तिचा हात धरला. "जाऊ नकोस. बाबा, आम्ही ओळखतो. उतार... जिना?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"घसरगुंडी?" आत्या म्हणाली. नाही. "पाय घसरतो? चक्कर येते?" नाही, नाही. त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी पत्ते बाजूला सारले आणि एक उचलला. बायकोच्या हातातली किल्ली काढून चादरीवर ठेवली आणि तिच्यावर तो पत्ता दाबून धरला. थांबवीर. एका हाताने आगगाडी अडवणारा.

"उतार," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी पायाने चादरीवर काहीतरी दाबलं. एकदा. दोनदा.

"ब्रेक!" लेक किंचाळली. "उतारावर ब्रेक! आई, गाडीचा ब्रेक!"

मास्तरांनी डोळे मिटले आणि उशीवर मान टाकली. ओझं वाहून आलेला माणूस दारात गाठोडं टाकतो ना, अगदी तशी.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला कारागीर आला. गाडीखाली शिरला, बाहेर आला तो हात पुसतच. "पॅड पार झिजलेत. लोखंडाला लोखंड घासतंय. वर तेलही गळतंय. वहिनी, तुम्हाला आवाज येत नव्हता?"

"येत होता," ती म्हणाली. "दोनदा दाबावाही लागत होता. मला वाटलं, गाडीचं वय झालं."

"इस्पितळाचा रस्ता म्हणजे नुसता उतार. एखाद्या दिवशी पाय तळाला गेला असता आणि गाडी थांबली नसती."

ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने वर आली तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता, तिचा सोडून. ती नवऱ्याजवळ बसली.

"तुम्हाला सगळं कळत होतं?" तिने विचारलं. "आम्ही इथे बसून बोलत होतो ते सगळं?"

"काच," मास्तर म्हणाले.

ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. स्वच्छ. आरपार. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मोजा."

"गेलं ते गेलं?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी मान डोलावली. आत्या त्या दिवशी पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोलली की मला कान द्यावा लागला. "हुश्श," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर केंद्राचं नाव कुणी काढलं नाही. मी तर पलंगावरच मुक्कामाला आलो. जेवण, औषध, अंघोळ, सगळ्याला आधी ओळखाओळखी. लेकीने कोऱ्या पुठ्ठ्याचे नवे पत्ते करून माझ्यात घातले: चहा, चादर, दुखतंय, कंटाळा आला. कंटाळ्याच्या पत्त्यावर तिने तोंडात मारल्यासारखा चेहरा काढला, आणि मास्तर पाहुणे जास्त वेळ बसले की तो हळूच वर धरत.

व्यायाम चालूच होते. एक दिवस खेळताना मास्तर पत्ता बघून मोठ्याने म्हणाले, "चुंबकबाई!" सरळ नावच. नियमाने बाद. पण त्या दिवशी बाद झालेल्या माणसासाठी जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या जिंकणाऱ्यालाही कधी मिळाल्या नसतील. मग हळूहळू इतर नावं येऊ लागली. पाणी आलं. पंखा आला. एका सकाळी बायकोचं नाव आलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओ द्यायलाच विसरली.

आता मास्तर बाजूच्या सीटवर बसून पुन्हा शिकवतात. बोलतात कमी, पण शिकणारे म्हणतात, कळतं जास्त. माझी गरज संपली याचं मला वाईट वाटलं का? खरं सांगू, मला इतकं हायसं कधीच वाटलं नव्हतं.

सध्या मी त्या घरात नाही. मास्तरांनी स्वतः मला वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या खोलीत आणून ठेवलं. माझ्या कोपऱ्यांना चिकटपट्ट्या आहेत, लवचीक मामांवर चहाचा डाग आहे, पण मी कामात आहे.

आज माझ्यासमोर एक म्हातारी बसलीय. सोबत तिचा मुलगा. "आईला आता काही कळत नाही हो," तो बाईंना सांगतोय. तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर एवढंच ऐका: त्यांचा शब्द चुकला असं म्हणण्याआधी जरा शेजारीपाजारी शोधा. घाई करू नका.

पत्ते मांडून झालेत. म्हातारीने एक उचललाय, डोळ्यांजवळ नेलाय. मुलगा काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाईंनी त्याला हाताने गप्प केलंय. म्हातारीचे ओठ हलताहेत. माझं बोलणं आता पुरे. मला ऐकायचंय.