तानुबाईचे पालक

धामणगाव बढ्याला शाकिरच्या कृषी केंद्रात तानुबाई दुकान उघडायच्या आधीच येऊन बसली होती, आणि आता मशीन तिला औषध द्यायला तयार नव्हतं. तिच्या कपाशीत गुलाबी अळी निघाली होती. उघाड आहे तोवर फवारा मारला तर मारला. ढग आले की अळी बोंडात शिरून बसते आणि वेचायला पिवळट, चिकटलेली कवडी उरते.

"मावशी," शाकिर मशीनकडे बघत म्हणाला, "तुमचं वय चौदा दाखवून राह्यलं."

"कोनाचं?"

"तुमचं."

तानुबाईनं बाकावरच्या रामरावाकडे पाहिलं. रामरावाचं वावर तिच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून.

"दिसत तर नाही," रामराव म्हणाला.

नियम नवा होता. लाल त्रिकोणाची बाटली अठरा वर्षांखालच्या माणसाच्या हाती पडू नये, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचं वय मशीनवर तपासायचं. लोक विष पिऊन मरतात, त्यावर सरकारनं काढलेला हा उपाय. तानुबाईच्या ओळखीत आजवर जे कोणी प्यायले ते सगळे मतदान करणारे होते, पण तो मुद्दा समितीपुढे आला नसावा. कपाशीचं बियाणं मात्र जूनमध्ये मोटरसायकलवर घरपोच आलं होतं. तणनाशक मारलं तरी न मरणारं, बंदीतलं, बिनपावतीचं. आणणाऱ्यानं वय सोडा, नावही विचारलं नव्हतं.

घोळ आधार कार्डाचा होता. कार्डांचं शिबिर गावात आलं तेव्हा तिथल्या पोरानं जन्मतारीख विचारली. तानुबाई म्हणाली, "माय म्हने, ज्वारी सोंगाले आली होती." पोराच्या मागे रांग होती आणि लाइट जाऊन-येऊन होती. त्यानं त्याच दिवसाची तारीख टाकली. म्हणजे तानुबाई जन्मली ती शिबिरात, नऊवारीत, दोन नातवंडांसह. पुढे त्याच कार्डावर रेशन मिळालं, बँकेत खातं निघालं, नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढलं. कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती अळी आल्यावर.

"मंग दुरुस्त कर ना बाबा."

"माह्या हातात नाही. मोताळ्याले जा लागते. शाळेचा दाखला मागतात."

"म्या शाळा पाह्यली ते मतदानाच्या दिवशी."

"ते त्यायले नका सांगू," शाकिर घाईनं म्हणाला. "चौदाव्या वर्षी मतदान केलं म्हनून आनखी लफडं."

"माह्या नावावर दे तिले," रामराव म्हणाला.

"तुमचं तुमच्या सातबाऱ्यावर निघालं, काका. जेवढं वावर तेवढंच औषध. तिचं तिच्याच नावावर निघन."

शाकिरनं मदत केंद्राला फोन लावून तो तानुबाईच्या हातात दिला. बराच वेळ सनई वाजली. मग एक पुण्याकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तुझं वय अठरापेक्षा कमी दिसतंय हं. घरातल्या मोठ्या माणसाला फोन देतेस का, बाळा?"

"बाई, माह्यी माय मेली तवा मलेच पाच लेकरं होते."

मग कागदावरचं वाचावं तसं मुलगी म्हणाली, "आई हयात नसल्यास कायदेशीर पालक चालतील. एकाच रेशनकार्डावर असलेली कोणतीही सज्ञान व्यक्ती."

शाकिरनं मशीनवर बोट फिरवलं. रेशनकार्डावर सज्ञान म्हणून एकच नाव निघालं: रेवती, तानुबाईची सून. मुलगा चाकणच्या कंपनीत, त्याचं नाव तिकडे गेलेलं.

आता खरी पंचाईत झाली. मागच्या हंगामात फवारताना तानुबाई वावरातच कोसळली होती. उलट्या, डोळ्यांपुढे अंधार, बुलडाण्याला सलाइन. तेव्हापासून रेवती पंप लपवत होती आणि तानुबाई शोधून काढत होती. "मी हाये तवर माह्या वावरात माह्यंच चालीन," हे वाक्य त्या घरात चहाइतक्या वेळा व्हायचं. त्याच वावरासाठी आता रेवतीचा अंगठा मागायचा होता.

"दुसरं कोनी नाही का?" तानुबाईनं विचारलं.

"नाही," शाकिर म्हणाला. "आन् उद्या ढग सांगतात."

रामरावानं रेवतीला गाडीवर बसवून आणलं. वाटेत त्यानं सगळं सांगितलं असावं, कारण ती दुकानात शिरली तीच हसू दाबत. मशीनवरचा मजकूर मात्र तिनं नीट वाचला, शेवटपर्यंत. आजवर कोणी वाचला नसेल.

"आत्याबाई, यात लिहलं हाये का अल्पवयीन व्यक्तीनं औषधाले हात लावू नये."

"लिहू दे. दाब अंगठा."

"मी फवारीन. तुमी धुऱ्यावर बसान. कबूल असन तर दाबते."

"तुले कुठी येते फवारता?"

"शिकवा ना मंग."

तानुबाईनं शाकिरकडे पाहिलं. शाकिरला तेव्हाच बियाण्याच्या पिशव्या सरळ करायच्या आठवल्या. बाहेर ऊन होतं. पण आजच्यापुरतंच.

"मले काय इचारतं," ती शेवटी म्हणाली. "मी लहान हाये."

रेवतीनं अंगठा दाबला. मशीन हिरवं झालं. शाकिरनं बाटली तानुबाईच्या डोक्यावरून रेवतीच्या हातात दिली, आणि रेवतीनं आणखी हातमोजे आणि तोंडाचा मास्क मागून घेतला. मास्कला कोणाचंही वय लागत नव्हतं. तो धूळ खात पडला होता.

दुपारी रेवती पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या तासातासानं, ओळीमागून ओळ चालत होती. तानुबाई धुऱ्यावर होती, पण बसली नव्हती.

"खालून मार. बोंडाच्या खालून."

रेवती पुढे गेली.

"वारा कुन्या बाजूचा हाये ते पाह्य आंधी."

रेवतीनं वारा पाहिला, बाजू बदलली आणि वळून हातमोज्याच्या हातानं तिला आणखी मागे सरकायची खूण केली. तानुबाईनं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या वावरातला रामराव बघत नव्हता. मग ती दोन पावलं मागे सरकली.