येसाजीच्या गळ्याची शपथ

ताप आला तेव्हा येसाजी हसला. नवऱ्याच्या कपाळाला हात लावून छाया थर्मामीटर शोधायला धावली, आणि हा बाबा लॉटरी लागल्यासारखा हसत होता.

"आला बघ," तो म्हणाला. "लागली आपली मानसं कामाला."

त्याची माणसं म्हणजे त्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. केमोचे सगळे डोस वाया गेल्यावर निशिगंधा डॉक्टरांनी हा नवा उपचार सुचवला होता. रोगाशी लढणाऱ्या पेशी अंगातून काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. पोशीरला भातशेती सांभाळून ग्रामपंचायतीच्या निवडणुका लढवलेल्या येसाजीला हे फार पटलं. भेटायला येईल त्याला तो सांगायचा, आपलीच पोरं ट्रेनिंगला पाठवली होती, आता परत आलीत.

पेशी दिल्यावर ताप काही आला नाही, म्हणून हॉस्पिटलनं सोडलं. पण तासाभरात परत येता येईल अशाच ठिकाणी राहा, अशी ताकीद होती. तेव्हा दोघं लोधिवलीला छायाच्या बहिणीकडे, सुंदराकडे उतरली. दुसरी ताकीद तापाची. पेशी लढू लागल्या की ताप येऊ शकतो, पण तो हाताबाहेर गेला तर माणूसच जातो, म्हणून लगेच फोन करायचा. येसाजीनं यातलं पहिलं अर्धंच ऐकलं होतं.

शिवाय कळंबचा गजा त्याच्या डोक्यात बसला होता. गजानं हाच उपचार आधी घेतला होता. त्याला ताप आला, तो उतरवायला इंजेक्शन दिलं आणि पुढे गजाच्या गाठी परत वाढल्या. इंजेक्शनानंच त्याच्या पेशी मारल्या, असा निकाल येसाजीनं देऊन टाकला होता.

"फोन करायचा नाय," तो म्हणाला. "त्यांना काम पुरं करू दे. माज्या गळ्याची शपथ घे."

गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची, तो जातो. छाया शिकलेली होती, तरी आईनं लहानपणी सांगितलेलं हे तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. येसाजीनं तिचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला. गळा चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखा तापला होता. त्याच्या डोळ्यांत इतकी आशा होती की तिला नाही म्हणवेना. तिनं शपथ घेतली, आणि त्याच क्षणी तिला स्वतःचा संताप आला.

हॉस्पिटलनं सांगितलेले काही प्रश्न छायाला रोज सकाळी येसाजीला विचारायचे असत. उपचाराचा मेंदूवर परिणाम होतोय का ते त्यातून कळे. येसाजी त्याची टवाळी करायचा. गाव कुठलं, तर म्हणे लंडन. बायकोचं नाव काय, तर म्हणे आता नवी करायची हाय. दोघी बहिणी हसायच्या.

दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला होता. छायानं विचारलं, "गाव कुठलं?"

"चमचा."

सुंदरा हसली. छायाही हसणार होती, पण येसाजी हसत नव्हता.

"मी कोन?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. "चमचा," तो पुन्हा म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"शपथ सुटली म्हना," छाया त्याचे खांदे धरून म्हणाली. शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटलं की ती उतरते. "नुसतं सुटली म्हना हो, मी लगेच फोन करते."

त्याला तो शब्द सापडेना. तिनं मोबाइल उचलला तसं सुंदरानं तिचं मनगट धरलं. "अगं, गळ्याची शपथ हाय!"

"म्हाईत हाय," छाया म्हणाली आणि तिनं फोन लावला.

सुंदराच्या नवऱ्यानं, विलासनं, गाडी काढली. हॉस्पिटल येईपर्यंत छायाचा हात येसाजीच्या गळ्यावर होता. नाडी उडतेय का, एवढंच ती चाचपत होती. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

इंजेक्शनं दिली. ताप उतरला आणि हळूहळू वाचाही परत आली. येसाजीनं पहिलं विचारलं ते, "फोन कोनी केला?"

"मी."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

महिन्यानं तपासणी झाली. निम्म्या गाठी विरघळल्या होत्या, निम्म्या होत्या तशाच.

"डॉक्टर, इंजेक्शन दिलं नसतं, तर सगळ्या गेल्या असत्या का?" येसाजीनं तिच्यादेखत विचारलं.

निशिगंधा डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "त्या औषधानं सहसा पेशींचं काम थांबत नाही, असं आतापर्यंत दिसलंय. तुमच्या अंगात काय झालं असतं, ते मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यावरच आमचं संशोधन चाललंय."

बाहेर बाकावर बसल्यावर येसाजी म्हणाला, "म्हंजे गेल्या बी असत्या."

"गेल्या असत्या. नायतर तुमी गेला असता."

छाया बाकावरच त्याच्याकडे वळून बसली.

"शपथ मोडून तुमी गेला असता, तर मी देवाला बोल लावला असता. मी गप बसले असते नि तुमी गेला असता, तर बोल कुनाला लावायचा? उद्या परत ताप आला तर मी परत फोन करीन. आनि परत शपथ घातलीत, तर ती पन मोडीन."