लेफ्ट म्हणजे कुणाचा हात

साहेब, तुम्ही खोटं बोललात. बुलडाण्याच्या मैदानावर माइक हातात धरून, सगळ्या शाळांच्या देखत तुम्ही सांगितलंत की एका मुलीने सरकारी वस्तूची नासधूस केली. ती वस्तू मी आहे. माझी कसलीही नासधूस झालेली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी आईस हॉकीची स्टिक आहे. वयाने फार नाही, कपाटात पडून पडून जुनी झाले. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, वरून फायबरची पट्टी चढवून मला घडवलं. खालचं पातं गरम करून एका बाजूला वाकवलं आणि दांड्यावर छाप मारला, 'लेफ्ट'. सगळं रामायण या एका शब्दापासून सुरू झालं.

साखरखेर्ड्याच्या शाळेत सरकारकडून आलेलं खोकं उघडलं तेव्हा आधी सगळे हसले. आईस हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ, आणि आमच्या गावात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गोणपाटाखाली. शाळेचे खेळाचे शिक्षक धम्मरत्न सर म्हणाले, बर्फ नसला तर नसला, चाकाच्या स्केट्सवरही हीच स्टिक चालते. खरंच चालते. बाजाराच्या सिमेंटच्या ओट्यावर, जिथे हंगामात सोयाबीनचा लिलाव होतो, तिथे पोरं स्केट्स घालून चकती मारायची, या खेळात चेंडूऐवजी चपटी रबरी चकती असते. खेळण्याआधी लांब दांड्याच्या खराट्याने ओटा झाडावा लागायचा. सोयाबीनचा एक दाणा चाकाखाली आला की माणूस सरळ पाठीवर.

मला मात्र पहिल्या दिवसापासून संशय होता. वाटप करायला जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी, म्हणजे हे साहेब, स्वतः आले, पण त्यांनी कुणाचा खेळ पाहिला नाही. ओळीत उभ्या पोरांना एवढंच विचारलं, डाव्या हाताने कोण जेवतं? ऋत्विकने हात वर केला. पोरगा दणकट, बचावाला गोलपुढे भिंतीसारखा उभा राहणारा. साहेबांनी छाप वाचला, 'लेफ्ट', आणि मला त्याच्या हातात कोंबलं. बाकी सगळ्यांना 'राईट'.

मित्रांनो, हे नीट ऐका, कारण दुकानदारही हे सांगत नाही. माझ्यावरचा लेफ्ट म्हणजे जेवणारा हात नव्हे. दांड्यावर खाली जो हात धरता, तो. वरच्या हाताने स्टिक फिरवायची असते, म्हणून पुष्कळांचा जोरकस हात वर राहतो आणि दुसरा खाली येतो. म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्या पुष्कळांना माझ्यासारखी लेफ्ट हवी. सगळ्यांना नाही. म्हणून तर हातात देऊन पाहायचं असतं.

ऋत्विकच्या हातात मी पार उलटी पडले. चकती एकीकडे, पातं भलतीकडे. पोरं खो खो हसली. एक जण म्हणाला, "काऊन बे, वरणात पळी फिरवून राह्यला का?" ऋत्विकचे कान लाल झाले. साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला की ही सदोष आहे. ऋत्विकला राईट दिली, आणि डावखुरा ऋत्विक राईटने मस्त खेळू लागला. हे पाहून कुणालाच काही सुचलं नसेल? मला वाटतं सुचलं असेल. पण साहेबांचं चुकलं हे तोंडाने कोण म्हणणार?

मी कपाटात गेले. तिथे रस्सीखेचीचा दोर होता, गंजलेल्या लेझमी होत्या, हवा गेलेले व्हॉलीबॉल होते. प्रत्येक जण सांगायचा की आपल्याला फक्त पाहुणे येणार असले की बाहेर काढतात. कपाटाची कडी वाजली की मी समजायचे, पाहुणे आले.

एक दिवस पाहुणे नव्हते, डिंपल होती. तिची आई अन्नपूर्णाबाई ओट्याशेजारी भाजी विकते, मेथी, दोडकी, कांद्याची पात. पोरगी बारीक, पायात वारं भरलेलं. ओट्यावर तिच्यापुढे कुणी पळत नसे, पण चकती पायाशी आली की तिचा हात घोटाळायचा. जिल्हा संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. चौदा वर्षांखालच्या गटातली तिची ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. सर तिला म्हणाले होते, पळते हरणासारखी, मारते मात्र चाचपडत. ते तिला फार लागलं होतं.

घडलं ते असं. ओटा झाडायची पाळी तिची होती. तिने खराटा घेतला, उजवा हात वर, डावा खाली, आणि डाव्या अंगाने सपासप दाणे लोटत गेली. लोटता लोटता एक चकती मध्ये आली. तिने खराट्यानेच ती हाणली आणि चकती सरळ समोरच्या खांबाला जाऊन लागली. डिंपल थांबली. पुन्हा हाणली, पुन्हा खांब. मग हातातल्या खराट्याकडे पाहत राहिली.

"सर, मले स्टिकपेक्षा खराटा बरा जमून राह्यला," ती म्हणाली.

सरांना वाटलं टोमणा मारते. ते काही बोलणार, तोच त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. उठले आणि कपाट उघडून मला बाहेर काढलं.

मला तिचाही संशय होता. वाटलं, हीसुद्धा दोन फटके मारून परत फेकणार. तिने मला धरलं आणि डावा हात जिथे पडायला हवा तिथेच पडला. पण मी लांब होते. स्केट्स घालून उभं राहिलं की स्टिकचं टोक हनुवटीपाशी यावं. अडवणाऱ्याला थोडी लांब चालते, चकती दुरून काढता येते. ऋत्विकसारख्याला ताठ, न वाकणारी बरी. पळत चकती नाचवणाऱ्याला आखूड आणि जराशी लवणारी हवी. माझं टोक डिंपलच्या कपाळाला भिडत होतं, वळताना कोपर अडकायचं.

"कापावी लागते," सर म्हणाले.

"सर, सरकारी हाय न हे."

"खेळायलेच दिली हाय. काप. कोणी इचारलं त मी सांगतो."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. मी सांगतो म्हणणारे पुष्कळ ऐकले होते मी त्या कपाटात. लेझमीलाही कुणीतरी तेल आणतो म्हणालं होतं.

आरी चालली तेव्हा दुखलं, खोटं कशाला सांगू. वरचा तुकडा अन्नपूर्णाबाईने उचलला. म्हणाली, "फेकू नका हो, माह्या दोडक्याच्या मांडवाले ठेपा होईन." आजही माझं डोकं त्यांच्या मळ्यात आहे आणि त्यावर वेल चढतो. नासधूस कशाला म्हणतात ते तिथे जाऊन पाहा.

बुलडाण्याला चाचणी झाली. डिंपलने मला अशी चालवली की मी स्टिक आहे हे मीच विसरले. चकती पात्याच्या वाकाला चिकटून यायची आणि सुटली की जाळीतच. तिच्या प्रत्येक फटक्याला ऋत्विक कठड्यावर हात आपटत होता. मी मात्र साहेबांकडे पाहत होते. ते खेळ पाहत नव्हते. माझ्या वरच्या टोकाला गुंडाळलेली चिकटपट्टी पाहत होते. तेव्हाच मला कळलं, कापलेलं यांच्या लक्षात आलं.

खेळ संपला. साहेबांनी मला हातात घेतलं, पट्टी सोलली, कापलेलं टोक वर धरलं.

"हे कुणी केलं?"

माझा ठाम अंदाज होता की पोरगी सरांचं नाव घेईल आणि सर बुटाची नाडी बांधायला वाकतील.

"मी कापली," डिंपल म्हणाली.

"तिने माझ्या सांगण्यावरून कापली. आरीही मीच आणली," धम्मरत्न सर पुढे येत म्हणाले. "साहेब, स्टिक तिच्या मापाची नव्हती. आणि डावी-उजवीचं वाटप आपलं मुळातच उलटं झालं होतं."

माझा अंदाज चुकला. एवढ्या संशयात एकदा चुकले याचा आनंद आहे. पण सरांचं ते शेवटचं वाक्य साहेबांना झोंबलं. वाटप उलटं झालं, हे सगळ्यांसमोर. त्यानंतर त्यांच्या हातात माइक आला आणि मी सुरुवातीला सांगितलं ते नासधुशीचं भाषण झालं. निकाल असा की दोघांपैकी कुणी का असेना, शिस्त मोडली, डिंपलचं नाव रद्द. ऋत्विकची निवड झाली. तो मागे फिरून म्हणाला की डिंपल नसेल तर मी गोलपुढे कुणासाठी उभा राहू. परत येताना गाडीत डिंपल रडली नाही. मला मांडीवर आडवं धरून बसली होती आणि कापलेल्या टोकावर अंगठा फिरवत होती.

आता मी पुन्हा कपाटात आहे. या वेळी कुलूप लावलं आहे. लेझीम म्हणते, बोलून काय फायदा. मी बोलणार.

मित्रांनो, वस्तूची काळजी घ्या असं तुम्हाला शिकवतात. मीही तेच सांगते, पण नीट समजून घ्या. कोरी, न कापलेली, प्लास्टिकात गुंडाळलेली ठेवणं म्हणजे काळजी नव्हे. ज्याच्या हातात ती बसते, त्याच्या हातात ती देणं म्हणजे काळजी. स्टिक घेताना छाप वाचून थांबू नका. खराटा धरून पाहा, खाली कोणता हात येतो ते बघा, हनुवटीशी माप घ्या, आणि तुम्ही अडवणारे की पळणारे ते आधी स्वतःला विचारा.

आणि साहेब, तुम्हाला एकच विचारायचं आहे. पुढच्या वर्षी डिंपल या गटात नसेल, त्यामुळे हा प्रश्न पुढे ढकलू नका. मी पुरी लांबीची होते तेव्हा तुम्ही मला सदोष म्हणालात. कापल्यावर मी तुमच्याच मैदानावर गोल केले, तेव्हा मला सरकारी मालमत्ता म्हणालात. मग मला आणलं होतं कुणासाठी? खेळणाऱ्या पोरीसाठी, की कुलपासाठी? माइक तुमच्याकडेच आहे. त्याच मैदानावर, त्याच शाळांसमोर सांगा.