राणीच्या खुर्चीत

कपितोलिना येगोरोव्नाचं चुकलं ते पहिल्याच चर्चमध्ये.

नव्या वर्षाच्या सणाला मुलगा गेनादी, तिचा गेना, तिला ओसिनोव्का गावाहून पीटर्सबर्गला घेऊन आला, म्हणाला, आठवडाभर राहा. दुसऱ्याच दिवशी त्याने आणि सुनेने तिला सोन्याच्या घुमटाच्या त्या मोठ्या चर्चमध्ये नेलं. दारात तिकीट. देवाला तिकीट! आत हिरव्या दगडाचे खांब, त्यांवर सोन्याची नक्षी, छतावर संतांची गर्दी. पण मेणबत्तीचा वास नाही, धुपाचा नाही, गुडघे टेकून पुटपुटणारी एक म्हातारी नाही. येगोरोव्नाच्या मनात आलं, यांनी देवाला दुकानाच्या काचेत मांडून ठेवलाय. ती तसं बोलूनही गेली असती. पण सून इनेसा शेजारीच हाताची घडी घालून उभी होती. ओठाच्या कोपऱ्यात बारीक हसू होतं. बघू या, गावच्या बाईला यातलं काय कळतंय!

झालं. येगोरोव्नाला हे खपणार कसं? तिने दोन्ही हात वर केले आणि चर्च दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई! काय हे वैभव! जन्माचं सार्थक झालं!"

इनेसाचं हसू गेलं. गेनाचा चेहरा मात्र असा खुलला, की लहानपणी बर्फावरची घसरगाडी मिळाली होती तेव्हाही खुलला नसेल.

तेव्हापासून रविवार आला की राजवाडा. कधी निळा, कधी पिवळा, कधी बागेतला, कधी शहराबाहेरचा. आरशांची दालनं, चिनी भांड्यांची दालनं, एकेका झुंबराखाली अख्खं ओसिनोव्का मावेल एवढी दालनं. येगोरोव्ना प्रत्येक ठिकाणी तोंडभरून कौतुक करायची. एकदा सुरू केलेलं थांबवायचं कसं? थांबवलं तर इनेसा म्हणणार, दमल्या, कंटाळल्या, कळेना त्यांना. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले. गावाचं नाव काढलं की गेना म्हणायचा, "जाशील गं! नदीकाठचा राजवाडा कुठे पाहिलायस अजून?"

तिकीट तिने स्वतःच काढलं असतं, पण पासपोर्टशिवाय, म्हणजे ओळखीच्या कागदाशिवाय, गाडीचं तिकीट मिळत नाही, आणि पासपोर्ट इनेसाच्या कपाटात. "शहरात चोर फार, आई, तुमच्या पिशवीत नको." मागितला की म्हणायची, "देते ना, घाई काय आहे?"

घाई होती. शेळी शेजारणीकडे ठेवलेली, आणि ती व्यायला झालेली. घर तापवणारी, वर बसता-झोपता येईल अशी विटांची भट्टी दोन महिने थंड पडलेली. अजून थोडे दिवस घर असंच राहिलं तर तळघरातले बटाटे गोठून जाणार आणि वसंतात लावायला काही उरणार नाही. घर तापवलं नाही की मरतं, हे शहरातल्या गरम पाण्याच्या नळांच्या उबेत राहणाऱ्यांना सांगून कळत नाही. गेना एकच धरून बसलेला: शरदात ती विहिरीवरच्या बर्फावर घसरून पडली होती. "कोणी बघितलं नसतं तर आई? तिथेच राहिली असतीस."

"बघितलं ना? मग!" असं म्हणून ती विषय संपवायची. गेना मात्र संपवत नव्हता.

त्या रविवारी नदीकाठच्या राजवाड्यात त्यांनी बुटांवर कापडी सपाता चढवल्या. लाकडी फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून सगळ्यांना चढवाव्या लागतात. मग एका सोनेरी दालनात शिरले. समोर चौथऱ्यावर लाल मखमलीची राणीची खुर्ची, पुढे जाड दोर. कोपऱ्यात साध्या लाकडी खुर्चीवर राखणदार म्हातारी बसलेली, खांद्यावर शाल.

"वा!" येगोरोव्ना सवयीने म्हणाली. "डोळे दिपले बाई!"

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" गेना कोणाला तरी म्हणाला. दाराशी ताठ मानेची, चष्मेवाली बाई उभी होती. तैसिया मार्कोव्ना, दालनांची मुख्य. तिने येगोरोव्नाला सपातांपासून रुमालापर्यंत न्याहाळलं.

"कंबर ठीक आहे ना? दिवसभर बसावं लागतं. लोकांना हात लावू द्यायचा नाही. आवाज दमदार आहे, ते बरं झालं."

"कसलं बसणं?" येगोरोव्नाने विचारलं.

गेनाने तिचे दोन्ही हात धरले. "आई, तुझ्यासाठी गंमत! या आजी आता काम सोडतायत. पुढच्या आठवड्यापासून ही जागा तुझी. तुला इतकं आवडतं ना हे सगळं! रोज राजवाड्यात बसायचं. उबेत!"

मग तो आणि इनेसा त्या बाईशी वेळा ठरवायला दाराकडे गेले. येगोरोव्ना जागची हलली नाही. शालवाली म्हातारी हळूच म्हणाली, "मीसुद्धा पाहुणी म्हणूनच आले होते. लेकीकडे."

"आणि मग?"

"मग काय. इथे गरम असतं. चहा देतात."

"आणि तुमचं गाव?"

म्हातारीने खिडकीकडे बोट केलं. "त्या खिडकीतून नदी दिसते," ती म्हणाली.

येगोरोव्ना तरातरा दाराकडे गेली, सपाता घसरत होत्या. "गेना, मला नाही आवडत हे. काहीच नाही आवडलं मला. पहिल्या दिवसापासून."

गेना हसला. "लाजतेस काय! त्या दिवशी चर्चमध्ये डोळे पुसत होतीस."

"शेळी आठवली म्हणून पुसत होते!"

"बघा, अशी विनोदी आहे," गेनाने तैसियाला सांगितलं.

शब्दांचा उपयोग नव्हता. तिचे सगळे शब्द तिने स्वतःच वाया घालवले होते. आता हात जोडले असते तरी त्याला ते कौतुकच वाटलं असतं. येगोरोव्ना वळली. जी खुर्ची राखायची तिच्यावरच जी बाई जाऊन बसते, तिला कोण कामावर ठेवणार? तिने दोर उचलला, चौथरा चढली आणि घरच्या भट्टीवर टेकावं तशी ऐसपैस राणीच्या खुर्चीत बसली.

घंटा किंचाळायला लागली. लोकांनी फोन वर धरले. तैसिया धावत आली.

"उठा! बाई, उठा तिथून!"

"का? राणी यायची आहे का परत?"

"हिला कामावर? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

हे ऐकताच येगोरोव्नाच्या छातीवरचा दगड उतरला. दोन पहारेकऱ्यांनी तिला धरून खाली आणलं, तेव्हाही ती हसतच होती. जागा गेली. आता पासपोर्ट, गाडी, ओसिनोव्का!

गेना मात्र पांढराफटक पडला होता. तो तैसियाच्या कानाशी वाकला, पण येगोरोव्नाला ऐकू आलंच. "माफ करा. वय झालंय. विहिरीवर पडली होती ती, डोक्याला लागलं होतं. इतकं पुढे गेलं असेल असं नव्हतं वाटलं आम्हाला."

तैसियाचा चेहरा एकदम मऊ झाला. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. काही नाही, मी वर कळवत नाही. फक्त एकटं सोडू नका हो त्यांना. घटकाभरसुद्धा."

"अरे, मुद्दाम बसले मी!" येगोरोव्ना ओरडली. "पूर्ण शुद्धीत बसले!"

"हो आई, हो."

"काय हो हो? इनेसा, तू तरी बोल काहीतरी! अडाणी म्हण मला, गावंढळ म्हण!"

एवढ्या दिवसांत इनेसाने तिला कधी आधाराला हातही दिला नव्हता. आता तिने सासूच्या दंडाखाली हात घातला, अगदी हळुवार. डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. "चला आई," ती म्हणाली. "सावकाश. पुढे पायरी आहे."

"दिसते मला पायरी!"

"हो ना. दिसते ना."

खाली कोट ठेवायच्या खोलीत गेनाने तिचा कोट आणला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून खालून बटणं लावायला लागला. आजूबाजूला माणसं होती, ती वाट सोडून बाजूला सरत होती, आजारी माणसाला देतात तशी. येगोरोव्नाच्या तोंडात एक सणसणीत शिवी आली होती. मग तिच्या लक्षात आलं, की ती दिली तर तीही आजाराच्याच हिशेबात धरतील. रडली तरी धरतील. हसली तरी.

तिने तोंड मिटून घेतलं. गेना एकेक बटण लावत वर आला, गळ्याशी पोचला, आणि तिच्या रुमालाची गाठ त्याने हनुवटीखाली आणखी घट्ट बांधली.