दुबईला ठेवायचा बॉल

मी टेनिसचा बॉल बोलतोय, आणि हळूच बोलतोय, कारण मी जन्माचा भित्रा आहे. रोह्याच्या बाजारात दुकानाबाहेर जाळीत टांगलेला होतो, तेव्हाही खाली झोपलेल्या कुत्र्यावरून माझी नजर हटत नसे. मग आदर्शने मला विकत घेऊन नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या शाळेत आणलं. प्रत्येक फटक्याला वाटायचं, आता कुंडलिका नदीत बुडणार.

एके दिवशी प्रणिताबाईंनी मला त्याच्याकडून मागून घेतलं. दुसरीच्या मुलांना ग्रहताऱ्यांची अंतरं दाखवायची होती. मला विटेवर ठेवून त्या म्हणाल्या, "हा आपला सूर्य." बॅटीपासून सुटलो म्हणून मी खूश झालो, पण ती आगीतून फुफाट्यात उडी होती.

दहा पावलांवर इकरा बोटावर खसखशीचा दाणा धरून उभी राहिली. ती पृथ्वी. शेवटचा ग्रह घेतलेला पोरगा तर फाटकाबाहेर पुलाच्या तोंडाशी पोचला.

"मग दुसरा तारा कुठं हाय?" आदर्शने विचारलं.

"सगळ्यात जवळचा तारा ना? असाच एक बॉल घ्यायचा, पण तो दुबईला ठेवावा लागेल."

मुलं हसली. मी नाही हसलो. सगळ्यात जवळचा सोबती, तो एवढ्या लांब! इकराही हसली नाही. तिचे अब्बा, नासिर, दुबईलाच कामाला आहेत.

"मधे काय हाय, बाई?" तिने विचारलं.

"काही नाही गं. नुसती पोकळी."

"तिथनं माणूस येल?"

"एवढं अंतर माणसाला जमायचंच नाही," बाई सहज बोलून गेल्या.

त्या संध्याकाळी इकराने मला दप्तरात लपवून घरी नेलं आणि उशाखाली दाबून ठेवलं. "अम्मी, याला कोणी लांब मारला तर अब्बा अजून लांब जातील."

"काय पण बोलतेस गो," रुखसार म्हणाली. "ईदला येतायत ते."

आणि ते आलेही. इकरा त्यांच्या सदऱ्याचं टोक सोडत नव्हती. ते अंगणात गेले तरी ही मागे. मला वाटलं, सुटलो आपण दोघं. पण सुट्टी बघता बघता सरली. निघायच्या दिवशी तिने मला अब्बांच्या बॅगेत कपड्यांमध्ये खुपसलं. नासिरच्या हाताला मी लागलो.

"हा कशाला गो?"

"याला तिकडच्या बॉलच्या बाजूला ठेवा. मग लांब नाय राहणार. तुमाला रोज येता येल."

नासिरने तोंड फिरवलं आणि बॅगेची चेन ओढली.

आता आत काळोख आहे. विमानतळाकडे निघालेल्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, पेण मागे गेलं. माझा जीव थाऱ्यावर नाही, पण आज मी इकरासाठी भितोय. प्रणिताबाई, उद्या ती वर्गात आली की तिला जरा जवळ घ्या. आपल्याजवळ होता तो सूर्यही आपण देऊन बसलो, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.